युस्टेथिअस, संत

(सु. १११५–सु. ११९५). बायझंटिन साम्राज्यातील थेसलोनायकी (ग्रीसमधील सलॉनिक) ह्या नगरीचा आर्चबिशप, ग्रीक भाषापंडित, होमरच्या महाकाव्यांचा टीकाकार आणि वक्ता. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो संत म्हणून पूज्य मानला जातो. तथापि संतचरित्रांत सामान्यतः आढळणारी सामग्री त्याच्या बाबतीत जवळजवळ मिळत नाही. बालपणीची शुभचिन्हे, अरण्यवास, रोगनिवारणाचे चमत्कार ह्यांपैकी कशाचीच परंपरा त्याच्या नावाभोवती जमलेली नाही आणि त्याच्या काळात कोणी त्याचे रीतसर संतचरित्र लिहिल्याचेही आढळत नाही. त्याच्या मृत्यूनंतर दोन विद्वान बिशपांनी केलेली शोकभाषणे, इतिहासकार नायसेटस कोनिआटीझ ह्याने केलेले उल्लेख आणि त्याचे स्वतःचे विपुल लेखन, एवढ्यावरच त्याचे चरित्र उभे करावे लागते. ह्या लेखनाचे वाचकही परस्परांपासून दूर राहिले आहेत. भाषाशास्त्रज्ञांनी त्याची होमरवरील टीका अभ्यासली, इतिहासकारांनी थेसलोनायकीच्या पाडावाचा वृत्तांत वाचला, तर धर्मेतिहासाच्या अभ्यासकांनी मठजीवनावरील त्याची टीका उद्धृत केली. त्यामुळे एकाच लेखकाचे तीन तुकडे झाले. वास्तविक ह्या तिन्ही ठिकाणी दृष्टी एकच आहे आणि ती शिक्षकाची आहे.

युस्टेथिअसचे शिक्षण आणि आयुष्याचा पूर्वार्ध कॉन्स्टँटिनोपल येथे गेला. हागिया सोफिया ह्या प्रमुख चर्चमध्ये तो डीकन होता आणि पेट्रिआर्कच्या कचेरीत त्याने निरनिराळी कामे केली. पुढे वक्तृत्वशास्त्राचा मुख्य अध्यापक हे मानाचे पद त्याला मिळाले. सम्राटापुढे ठरलेल्या प्रसंगी स्तुतिभाषणे करणे हा ह्या पदाच्या कर्तव्यांचाच भाग होता. मान्यूएल पहिला कॉम्नीनस (कार. ११४३–८०) ह्या सम्राटासमोर त्याने केलेली अशी अनेक भाषणे उपलब्ध आहेत. आज ती वाचताना उपमा-दृष्टांतांच्या दाटीमुळे कंटाळा येतो, हे मान्य करावयास हवे. मात्र त्यांतही राजधानीत अवर्षणामुळे पाण्याची टंचाई निर्माण झाली असता नागरिकांच्या वतीने सम्राटाला केलेली विनंती वेगळी उठून दिसते. दरबारी स्तुतीचा साचा न मोडता लोकांचे गाऱ्हाणे त्यात नेमकेपणाने मांडले आहे. ११७५ च्या सुमारास आशिया मायनरमधील मायरा येथील बिशपपदासाठी त्याची निवड झाली होती; परंतु तेथे रुजू होण्यापूर्वीच सम्राटाच्या इच्छेनुसार त्याला थेसलोनायकीचे पद देण्यात आले.

त्याचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे *इलिअड* आणि *ओडिसी* ह्या महाकाव्यांवरील टीका. ग्रीक भाषेत तिला दिलेल्या नावाचा अर्थ ‘निवडून काढलेले उतारे’ असा साधारणपणे होतो. *इलिअड*वरील टीका *ओडिसी*वरील टीकेपेक्षा बरीच विस्तृत आहे. आपण हे काम कोणा बड्या आश्रयदात्याच्या सांगण्यावरून हाती घेतले नसून मित्रांच्या आग्रहास्तव घेतले, असे तो प्रास्ताविकात म्हणतो. प्रवाशाला वाटेत शिधा सहज हाती लागावा, तसे होमरच्या वाचकाला आवश्यक ते सारे एका ठिकाणी मिळावे, हा त्याचा हेतू होता. हा शिधा वाजवीपेक्षा जास्त झाला आहे, अशी तक्रार त्याच्या वाचकांनी पुढे वारंवार केली. मल्लिनाथाने आपल्या टीकांसाठी दोन नियम घालून घेतले होते : आधारावाचून काही लिहावयाचे नाही आणि अपेक्षित नसलेले काही सांगावयाचे नाही. युस्टेथिअसने ह्यांपैकी पहिला नियम मोठ्या निष्ठेने पाळला, दुसरा त्याला कधीच जमला नाही. शब्दाची व्युत्पत्ती सांगता सांगता तो म्हणींकडे वळतो, म्हणींवरून माशांच्या जातींकडे, तेथून सोंगट्यांच्या खेळाकडे आणि तेथून आपल्या काळातील ग्रीक माणसे त्याच वस्तूला बोलीत काय म्हणतात ह्याकडे जातो.

ह्या विषयांतरांनीच त्याला भाषाशास्त्राच्या इतिहासात स्थान मिळवून दिले. होमरवरील प्राचीन टिपणे, स्ट्रेबोचा भूगोल, अथीनीअसचा भोजनप्रसंगीच्या चर्चांचा ग्रंथ, बायझंटिअमच्या स्टीफनसचा स्थलनामकोश अशा अनेक साधनांतून त्याने उतारे घेतले. ईलिअस डायोनिशिअस आणि पॉसेनिअस ह्या दोन ॲटिक शब्दकोशकारांचे मूळ ग्रंथ नष्ट झाले आहेत. त्यांतील जो भाग आज माहीत आहे तो बव्हंशी युस्टेथिअसच्या अवतरणांमुळे. स्विटोनिअस ह्या रोमन चरित्रकाराने ग्रीकमध्ये लिहिलेल्या शिव्यांविषयीच्या आणि खेळांविषयीच्या पुस्तकांचे काही अंशही त्याने जतन केले. मात्र एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील पुष्कळ अभ्यासकांनी त्याच्याकडे केवळ अशा हरवलेल्या मालाचे कोठार म्हणूनच पाहिले. हव्या त्या वस्तू कोठारातून बाहेर काढल्या, की कोठाराचे काम संपते. युस्टेथिअसच्या बाबतीत नेमके हेच झाले आणि काव्याचा समीक्षक म्हणून त्याचा विचार फार उशिरा सुरू झाला.

ही उपेक्षा न्याय्य म्हणता येत नाही. व्याकरण आणि कोश ह्यांखाली दडलेले असले, तरी कवीच्या रचनाकौशल्याविषयी त्याचे विवेचन ठिकठिकाणी आढळते. युद्धवर्णन रेंगाळू लागले, की होमर मध्येच एखादी उपमा किंवा वंशकथा घालून श्रोत्याला विसावा कसा देतो. अशक्य वाटणारी गोष्ट सांगताना ती संभाव्य भासावी म्हणून आधीपासून कशी तयारी करतो. प्रत्येक पात्राच्या तोंडी त्याच्या वयाला आणि स्वभावाला साजेलसे भाषण कसे घालतो, ह्या बाबी तो विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून देतो. कथा आरंभापासून न सांगता मधूनच उचलून मागचा भाग नंतर जोडण्याच्या पद्धतीचाही त्याने विचार केला आहे. पुराणकथांचे रूपकात्मक अर्थ लावण्याची जुनी रीत तो नाकारत नाही. परंतु प्रत्येक कथेच्या पोटी रूपक शोधण्याचा हट्टही धरत नाही. ख्रिस्ती धर्मगुरूने मूर्तिपूजक कवीचा एवढा अभ्यास का करावा, हा प्रश्न त्याला फारसा छळताना दिसत नाही. सायरेनांच्या गाण्यापासून दूर राहण्यासाठी कानांत मेण भरावे की ते ऐकून घेऊन पुढे जावे, ह्याचा विनोदी उल्लेख करून तो ग्रंथाला आरंभ करतो आणि ऐकण्याच्या बाजूने कौल देतो. डायोनिशिअस पेरिएगेटीझच्या भूगोलकाव्यावरील त्याची टीकाही उपलब्ध आहे. पिंडरवरील टीकेची मात्र प्रस्तावनाच उरली आहे.

थेसलोनायकी ही साम्राज्यातील दुसऱ्या क्रमांकाची नगरी होती. संत डिमीट्रिअस ह्या हुतात्म्याचे समाधिस्थान, दरवर्षी भरणारी त्याची मोठी यात्रा, बंदरातील व्यापार आणि लॅटिन, अर्मेनियन, यहुदी, स्लाव्ह अशी मिश्र वस्ती ह्यांमुळे तेथील आर्चबिशपपद प्रतिष्ठेचे तसेच कटकटीचेही होते. राजधानीतील ग्रंथालये आणि विद्यार्थी सोडून साठीच्या घरातला हा अध्यापक तेथे गेला. होमरवरील टीकेत भर घालण्याचे काम त्याने तेथेही थांबविले नाही. फ्लॉरेन्स आणि व्हेनिस येथील ग्रंथालयांत त्याच्या हस्ताक्षरातील प्रती जपून ठेवल्या आहेत. त्यांतील समासात आणि चिटोऱ्यांवर मागाहून जोडलेल्या टिपणांवरून हे काम किती दीर्घकाळ चालले असावे ह्याची कल्पना येते.

सम्राटाचा अनुग्रह लाभलेला असूनही त्याच्याशी विरोध करण्याचा प्रसंग त्याच्यावर ११८० मध्ये आला. इस्लाम सोडून ख्रिस्ती धर्मात येणाऱ्यास जी शपथ घ्यावी लागे, तीत मुहंमदाच्या ईश्वराचा धिक्कार होता. ईश्वराचाच धिक्कार करावा लागतो, ह्याचा धर्मांतर करू इच्छिणाऱ्यांना संकोच वाटतो, तेव्हा तो भाग वगळावा, असे मान्यूएलचे म्हणणे होते. बिशपांनी त्यास विरोध केला आणि त्यात युस्टेथिअस सर्वांत पुढे होता. नायसेटसच्या वृत्तांतानुसार संतापाच्या भरात त्याने इतकी असभ्य भाषा वापरली, की आजारी सम्राट खवळला आणि पेट्रिआर्कला मध्ये पडून समेट करावा लागला. ईश्वराऐवजी मुहंमद आणि त्याची शिकवण ह्यांचा धिक्कार ठेवण्यावर अखेर तडजोड झाली. राजसत्तेपुढे न वाकणारा बिशप म्हणून ह्या प्रसंगाचा गौरव केला जातो. परंतु प्रश्नाचा विचार करता, ह्या वादात अधिक समंजस भूमिका सम्राटाची होती. युस्टेथिअसचे धैर्य आणि त्याची अनुदारता ही दोन्ही ह्या एकाच प्रसंगात दिसतात आणि त्यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही.

मान्यूएल त्याच वर्षी मरण पावला. त्याचा अल्पवयीन मुलगा ॲलेक्सिअस दुसरा गादीवर आला; ११८२ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमधील लॅटिन लोकांची कत्तल झाली; ११८३ मध्ये अँड्रॉनिकस कॉम्नीनसने बालसम्राटाचा खून करवून सत्ता बळकावली. ह्या गोंधळाचा फायदा घेऊन सिसिलीचा नॉर्मन राजा विल्यम दुसरा ह्याने साम्राज्यावर स्वारी केली. २४ जून ११८५ रोजी एड्रिॲटिक किनाऱ्यावरील डूरात्सो (सध्याचे अल्बेनियातील दुरेस) पडले. ६ ऑगस्ट रोजी भूसेना आणि १५ ऑगस्ट रोजी आरमार थेसलोनायकीसमोर दाखल झाले. २४ ऑगस्ट रोजी पूर्वेकडील तटबंदीला खिंडार पाडून शत्रू शहरात घुसला. आर्चबिशप शहरातच होता. वेळ असताना निघून जाणे त्याला शक्य होते. तो गेला नाही. त्याला कैद करण्यात आले. सुटकेनंतरही नॉर्मन सैन्य शहरात असेतोवर तो तेथेच राहिला. नोव्हेंबर ११८५ मध्ये बायझंटिन सैन्याने डिमीट्रिट्सी येथे नॉर्मनांचा पराभव केला आणि शहर मोकळे झाले. पुढील वर्षी, उपवासपर्वाच्या आरंभाच्या सुमारास, युस्टेथिअसने ह्या घटनांचा वृत्तांत आपल्या श्रोत्यांपुढे ठेवला. *थेसलोनायकीचा पाडाव* ह्या नावाने तो प्रसिद्ध आहे.

ह्या वृत्तांताच्या प्रास्ताविकात त्याने एक मार्मिक भेद केला आहे. घटना घडून गेल्यानंतर पुष्कळ काळाने, ऐकीव माहितीवरून लिहिणारा इतिहासकार निर्विकार राहू शकतो. त्याला अलंकार आणि विस्तार ह्यांची मोकळीक असते. पण जो स्वतः त्या संकटातून गेला, त्याला शोक आवरता येणार नाही आणि म्हणूनच त्याने शब्दसौंदर्याच्या मागे न लागता मोजके लिहावे, असे त्याचे म्हणणे आहे. प्रत्यक्षात त्याने हा नियम अनेक ठिकाणी मोडला. आरंभीचा विलाप लांबलचक आहे आणि त्यातील आलंकारिक प्रश्नांची मालिका वक्तृत्वशाळेची आठवण करून देते. तथापि हा विलाप संपल्यावर तो मान्यूएलच्या मृत्यूपर्यंत मागे जातो आणि राजधानीतील कारस्थाने तपशीलवार सांगत हळूहळू वेढ्याकडे येतो. आपत्ती आधी आणि तिची कारणे मागाहून, ही कथनपद्धती त्याने होमरकडून घेतली असल्यास आश्चर्य नाही. वर्षानुवर्षे तो हेच विद्यार्थ्यांना समजावून देत होता.

वेढ्याच्या वर्णनात ह्या लेखकाची खरी शक्ती प्रकट होते. नगराचा राज्यपाल डेव्हिड कॉम्नीनस हा त्याच्या दृष्टीने मुख्य अपराधी. त्याची नालायकी विशेषणांनी न सांगता युस्टेथिअस ती वस्तूंमधून दाखवितो. शत्रू तटाला भिडला असता हा सेनानी घोड्यावर न बसता खेचरावर बसून फिरतो; त्याच्या अंगावर चिलखत नसते, पायांत नव्या तऱ्हेची पादत्राणे असतात आणि डोक्यावर जॉर्जियन टोपी. बालेकिल्ल्यातील पाण्याच्या टाक्याची कथाही अशीच आहे. टाक्याची दुरुस्ती केली गेली. परंतु गिलावा वाळण्यापूर्वीच त्यात पाणी सोडल्यामुळे ते गळू लागले आणि ऐन वेढ्यात निरुपयोगी ठरले. याउलट नगरातील स्त्रियांचे वर्णन तो आदराने करतो. त्या तटावर दगड आणि पाणी वाहून नेत आणि काहींनी प्रत्यक्ष प्रतिकारातही भाग घेतला. शहर पडताच जीव वाचविण्यासाठी बालेकिल्ल्याच्या दरवाजाशी लोटलेल्या गर्दीत पुष्कळजण चेंगरून मेले आणि राज्यपाल मात्र निसटला. मृत नागरिकांचा त्याने दिलेला आकडा सात हजारांहून अधिक आहे.

ताब्यात आलेल्या शहराची त्याने नोंदविलेली चित्रे मध्ययुगीन ग्रीक गद्यात फारशी आढळत नाहीत. संत डिमीट्रिअसच्या समाधीतून स्रवणारे पवित्र सुगंधी तेल विजेत्यांनी घागरींनी उपसून नेले, त्यात मासे तळले, ते जोड्यांना लावले. ग्रीकांचे लांब केस आणि दाढ्या त्यांना सहन होईनात; म्हणून वाटेत गाठून त्या कापण्यात आल्या. प्रार्थना चालू असताना चर्चमध्ये शिरून ते आरडाओरडा करीत. कुत्र्यांविषयीची नोंद तर विसरता येत नाही. कत्तलीतून वाचलेली कुत्री ग्रीक दिसला की भुंकत. लॅटिन दिसला की अंग चोरून लाचारपणे पुढे येत. एवढ्या महान आपत्तीच्या वृत्तांतात कुत्र्यांना जागा देणे समकालीन पंडितांना कदाचित विषयांतर वाटले असेल. परंतु माशांची नावे आणि सोंगट्यांचे नियम टिपून ठेवणारी जी नजर होमरवरील टीकेत पाल्हाळास कारण झाली, तीच येथे पराभूत नगराचे सत्य पकडते. नायसेटस कोनिआटीझने आपल्या इतिहासात ह्या घटना लिहिताना युस्टेथिअसचाच आधार घेतला. पण त्याचे अधिक सुसंस्कृत कथन मुळाइतके अंगावर येत नाही.

ह्या ग्रंथात दोष नाहीत असे नाही. तो नव्या राजवटीत लिहिला गेला. सप्टेंबर ११८५ मध्ये अँड्रॉनिकसचा वध होऊन आयझॅक दुसरा अँजेलस सम्राट झाला होता. अँड्रॉनिकस आणि त्याने नेमलेला राज्यपाल ह्यांच्या माथी सर्व दोष मारणे त्या वेळी सोयीचे होते. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत त्याच राज्यपालाबरोबर कारभार पाहणाऱ्या आर्चबिशपाला आपली बाजू मांडण्याची गरजही असावी. त्यामुळे डेव्हिडविषयीचे त्याचे प्रत्येक विधान जसेच्या तसे स्वीकारणे धोक्याचे आहे. शहरातील अर्मेनियन आणि यहुदी रहिवाशांवर तो शत्रूशी संगनमत केल्याचा आणि ग्रीकांच्या दुःखात आनंद मानल्याचा आरोप करतो. येथे निरीक्षकापेक्षा पूर्वग्रहच अधिक बोलतो. मात्र लॅटिनांचा द्वेष करीत असतानाही त्यांच्या सेनानींपैकी काउंट ऑल्डुइन ह्याने आपले गाऱ्हाणे ऐकून घेतले, हे तो लपवीत नाही.

अधिक मूलभूत अडचण कारणमीमांसेची आहे. वृत्तांताच्या अखेरीस धर्मोपदेशकाच्या भूमिकेतून तो सांगतो, की नागरिकांच्या पापांमुळे ईश्वराने ही शिक्षा दिली. पण त्याच ग्रंथाच्या मध्यभागी पाण्याचे टाके गिलावा वाळला नव्हता म्हणून गळले आहे. पाप आणि गिलावा ह्या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हे युस्टेथिअस सांगत नाही. अशा प्रसंगी सर्वसाधारण बायझंटिन धर्मोपदेशक गिलाव्याचा उल्लेख वगळून मोकळा झाला असता. तो उल्लेख त्याने ठेवला आणि उपदेशही ठेवला. वाङ्‌मयीन घडणीच्या दृष्टीने ही विसंगती आहे. परंतु ग्रंथाचे ऐतिहासिक मोल तिच्यामुळेच टिकले आहे.

धार्मिक लेखनात त्याचा *मठजीवनाची सुधारणा* हा प्रबंध विशेष महत्त्वाचा मानला जातो. स्वतः बिशप असूनही, किंवा त्यामुळेच, त्याने मठाधिपतींवर कठोर टीका केली आहे. हे लोक जेवणाच्या पंक्तीत अध्यात्माऐवजी द्राक्षमळे, अंजिरे आणि शेतसारा ह्यांविषयी बोलतात. अडाणी माणसांना दीक्षा देतात आणि शिकलेल्यांना दूर ठेवतात, असे तो म्हणतो. एका मठात संत ग्रेगरीच्या ग्रंथाची एक उत्कृष्ट प्रत असल्याचे त्याने ऐकले होते. ती पाहावयास मागितली असता मठाधिपतीने आढेवेढे घेतले आणि शेवटी ती विकल्याचे कबूल केले. आम्हाला तिचा काय उपयोग, असे वर विचारले. युस्टेथिअसने ही कथा उपहासाने सांगितली असली, तरी तिच्यातील वेदना खरी आहे. मठांच्या वाढत्या जमिनींवर आणि स्वायत्ततेवर बिशपांचा डोळा होता, हे ध्यानात घेतले तरी ह्या टीकेची धार कमी होत नाही. ढोंगीपणावरील निबंधात तर तो प्रारंभी प्राचीन नाटकातील नटांची स्तुती करतो. ग्रीकमध्ये नटाच्या कलेला आणि ढोंगाला एकच शब्द आहे. नट दुसऱ्याचे सोंग घेऊन लोकांना शिकवीत असे, आजचा ढोंगी तेच सोंग लोकांना फसविण्यासाठी घेतो, असा भेद त्याने केला आहे. चर्चच्या व्यासपीठावरून रंगभूमीची अशी बाजू घेणारा बिशप त्या शतकात विरळाच. गुलामगिरी निसर्गाला धरून नाही, हे मतही त्याने व्यक्त केले होते. मात्र ती व्यवस्था मोडावी असा पुरस्कार त्याने केल्याचे दिसत नाही.

संतत्वाविषयीच्या त्याच्या कल्पना फिलोथीअस ऑप्सिकिअन ह्या संतावरील स्तुतिपर लेखात स्पष्टपणे आल्या आहेत. हा फिलोथीअस बायकामुले आणि मालमत्ता असलेला गृहस्थ होता. आपले धन त्याने दानात वेचले. अरण्यात एकटा राहणारा तपस्वी प्रतिस्पर्धी आणि प्रेक्षक नसलेल्या मैदानात धावतो. गृहस्थ मात्र भर गर्दीत, हजार अडथळ्यांतून आणि सर्वांच्या देखत धावतो, म्हणून त्याची शर्यत अधिक कठीण, असा युस्टेथिअसचा युक्तिवाद आहे. बाराव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलच्या सुशिक्षित वर्तुळात भटक्या तपस्व्यांविषयी आणि नित्य नव्या चमत्कारांविषयी एक प्रकारचा संशय होता, त्याचे प्रतिबिंब ह्या लेखात आहे. परंतु तो लिहिणारा माणूस स्वतःही अरण्यात गेला नव्हता आणि ११८५ मध्ये वेढा पडलेल्या शहरातून बाहेरही पडला नव्हता.

आपल्या नगरीशी त्याचे संबंध अखेरपर्यंत तणावाचे राहिले. नागरिकांचा लोभ, सूडबुद्धी आणि एकमेकांविषयीचा आकस ह्यांवर तो सतत कोरडे ओढीत असे आणि त्याची शिक्षकी जरब व्यापाऱ्यांच्या ह्या शहराला मानवली नाही. ११९१ च्या सुमारास विरोध इतका वाढला, की त्याला काही काळ थेसलोनायकी सोडावी लागली. ज्या गावाने आपल्याला हाकलले, त्याच गावासाठी आपण कैद सोसली, ही जाणीव त्या काळातील त्याच्या लेखनात कडवटपणे उमटली आहे. विसरणे आणि क्षमा करणे ह्यांवर त्याने लिहिलेला मजकूर वाचताना लेखकाला स्वतःलाच ते कठीण जात असल्याचे जाणवते. पुढे तो परतला. ११९५ च्या सुमारास त्याचे निधन झाल्यावर त्याचा शिष्य आणि अथेन्सचा आर्चबिशप मायकेल कोनिआटीझ (नायसेटसचा थोरला भाऊ) तसेच नेओपाट्रासचा बिशप युथिमिअस मॅलाकीझ ह्यांनी शोकभाषणे केली. दोन्ही भाषणांत गौरव आहे तो प्रामुख्याने गुरूचा. तरुण विद्यार्थी ज्याच्याभोवती गोळा होत, तो दीप विझला ही त्यांतील मुख्य भावना. चमत्कारांना त्यांत जवळजवळ स्थान नाही.

यूरोपात त्याचे नाव प्रथम होमरच्या टीकाकाराचे म्हणून पसरले. रोम येथे १५४२ ते १५५० ह्या काळात ही टीका चार खंडांत छापली गेली. फ्रान्समध्ये मादाम दासिए हिने आणि इंग्लंडमध्ये अलेक्झांडर पोप ह्याने *इलिअड*च्या आपापल्या भाषांतरांना टिपा जोडताना तिचा उपयोग केला. पोपने तर युस्टेथिअसमधून उतारे काढण्याच्या कामी विल्यम ब्रूम ह्या मित्राचे साहाय्य घेतले. मूळ ग्रीकचा हा डोंगर एकट्याने उपसणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याच्या लहान कृतींचा संग्रह टाफेल ह्या जर्मन विद्वानाने १८३२ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे पाडावाचा वृत्तांत आणि मठांवरील प्रबंध अभ्यासकांच्या हाती आले. पाडावाच्या वृत्तांताची स्टिल्पॉन किरिआकीडिस ह्याने संपादिलेली आवृत्ती १९६१ मध्ये निघाली.

ग्रीसमध्ये त्याची स्मृती वेगळ्या मार्गाने टिकली होती. ॲथॉस पर्वतावरील व्हाटोपेडी मठात, चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या भित्तिचित्रांत, त्याची प्रतिमा प्रभावलयासह रेखाटलेली आहे. म्हणजे मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी त्याला संत मानले जात होते. मठवासीयांवर सर्वांत जहाल टीका करणाऱ्या बिशपाची प्रतिमा मठवासीयांच्याच भिंतीवर असावी, ह्यात थोडा विनोद आहे आणि त्याला तो नक्कीच आवडला असता. चर्चने त्याचे संतत्व अधिकृतपणे घोषित केले ते मात्र १९८८ मध्ये. २० सप्टेंबर हा त्याचा स्मृतिदिन ठरला. मार्शिनस व्हान डेर व्हाल्क ह्या डच संशोधकाने फ्लॉरेन्सच्या स्वहस्तलिखितावरून *इलिअड*वरील टीकेची संशोधित आवृत्ती लायडन येथून १९७१ पासून प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला होता. तिचा चौथा खंड ह्या घोषणेच्या आदल्या वर्षी, १९८७ मध्ये, बाहेर पडला.